कधी उठायचं, कधी झोपायचं : वॉल्टर शूहार्ट

रात्री दोन वाजता आपल्या होस्टेलमध्ये कोण जागं असतं? सबमिशनवाले असतात, पिक्चरवाले असतात आणि मेसच्या मागचं कुत्रं असतं. पण मित्रांनो, खरं काम त्या वेळी दुसरीकडेच चाललेलं असतं. बँकांचा दिवसभराचा हिशेब बंद होत असतो, बिलं तयार होत असतात, डेटाबेसचा बॅकअप निघत असतो, जुन्या नोंदी एका टेबलातून उचलून दुसऱ्या टेबलात टाकल्या जात असतात. ही कामं कोणी माणूस बसून करत नाही. वेळ लावून ठेवलेली असते, त्या ठोक्याला ती आपोआप सुरू होतात. त्यांना शेड्यूल्ड जॉब म्हणतात. सकाळी माणसं ऑफिसात यायच्या आत त्यांनी संपावं, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा.

आता समजा, रोज वीस मिनिटांत संपणारा एक जॉब आज सव्वीस मिनिटं झाली तरी चालूच आहे. ज्याच्यावर त्या डेटाबेसची जबाबदारी आहे त्याला झोपेतून उठवायचं का? उठवलं आणि जॉब सत्ताविसाव्या मिनिटाला आपोआप संपला, तर त्याच्या शिव्या खायच्या. नाही उठवलं आणि जॉब सकाळपर्यंत अडकून राहिला, तर सकाळी काउंटरवर रांग लागणार आणि शिव्या त्याला खाव्या लागणार. वीस म्हणजे नॉर्मल आणि चाळीस म्हणजे गडबड, हे कुणीही सांगेल. पण मधली रेघ नेमकी कुठे मारायची?

या प्रश्नाचं उत्तर ज्या माणसानं दिलं, त्यानं कॉम्प्युटरचा प्रोग्राम लिहिल्याचं कुठे वाचलेलं नाही. त्यानं उत्तर दिलं ते १९२४ साली, आणि तेही टेलिफोनच्या सुट्या भागांबद्दल. आमच्या कॉम्प्युटर ब्रँचला त्याचं नाव माहीत नाही. प्रॉडक्शनवाल्यांना त्याचा चार्ट माहीत आहे, दहा मार्कांना येतो म्हणून. पण माणूस कोण होता हे त्यांनाही विचारू नका! नाव वॉल्टर शूहार्ट. स्पेलिंग बघून घाबरायला होतं, पण उच्चार सोपा आहे, शू आणि हार्ट.

शूहार्ट यांचा जन्म १८ मार्च १८९१ रोजी अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या न्यू कँटन या छोट्याशा गावी झाला. शिक्षण आधी इलिनॉय विद्यापीठात आणि मग कॅलिफोर्निया विद्यापीठात बर्कलीला. तिथे १९१७ मध्ये त्यांनी फिजिक्समध्ये पीएच.डी. मिळवली. म्हणजे हा माणूस मुळात ना इंजिनिअर, ना स्टॅटिस्टिक्सवाला. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण फिजिक्सवाल्याला एक सवय असते. एकच गोष्ट दहा वेळा मोजली तर दहा वेगवेगळी उत्तरं येणार, हे त्याला मान्यच असतं. त्याचं त्याला दुःख होत नाही. कारखान्यातल्या माणसाला मात्र प्रत्येक फरकाचं दुःख होतं.

१९१८ मध्ये शूहार्ट वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत लागले. अमेरिकेतल्या बेल टेलिफोन कंपन्यांना लागणारं सगळं सामान ही कंपनी बनवायची. शिकागोजवळ सिसेरोला तिचा हॉथॉर्न वर्क्स नावाचा अवाढव्य कारखाना होता. १९२० च्या दशकाच्या शेवटी तिथे चाळीस हजारांच्या आसपास माणसं काम करत होती. आपल्या कॉलेजसारखी दहा-बारा कॉलेजं त्यात सहज मावली असती. टेलिफोनच्या सामानाची अडचण अशी, की त्यातलं बरंचसं एकदा जमिनीखाली पुरलं किंवा खांबावर चढवलं की पुन्हा हात लावणं महाग. पंखा बिघडला तर वायरमनला बोलावता येतं. पण शंभर मैलांच्या लाइनवर पुरलेलं यंत्र बिघडलं तर रस्ता खणावा लागतो. त्यामुळे माल पहिल्यापासूनच चांगला आणि एकसारखा निघायला हवा होता.

त्या काळी क्वालिटी म्हणजे काय, तर माल बनून झाला की शेवटी तपासायचा आणि खराब निघालेला बाजूला टाकायचा. वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये त्यासाठी इन्स्पेक्शन इंजिनिअरिंग असा खास विभाग होता आणि शूहार्ट त्यातच होते. तपासणीचे आकडे दर महिन्याला कागदावर यायचे. या महिन्यात खराब माल वाढला की साहेब लोक खाली विचारणार, खालचे लोक मशीनचा स्क्रू पिळणार. पुढच्या महिन्यात खराब माल कमी झाला की सगळे खूश, स्क्रू पिळल्याचा फायदा झाला म्हणून. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा वाढला की पुन्हा स्क्रू, या वेळी उलट्या दिशेला. गंमत म्हणजे या धावपळीनं माल सुधारत नव्हता. उलट, दर वेळी सेटिंग हलवल्यामुळे तो जास्तच कमी-जास्त निघायला लागला होता.

हे आपल्याला नवीन नाही. पहिल्या टेस्टला पंधरापैकी अकरा, दुसऱ्या टेस्टला नऊ, की घरून फोन येतो, क्लास लावू का? तिसऱ्या टेस्टला बारा पडले की क्लासचा गुण! खरं तर अकरा, नऊ आणि बारा यांच्यात काहीच झालेलं नसतं. पेपर जरा इकडचा तिकडे, झोप जरा कमी-जास्त, एवढंच. पण दोन आकडे शेजारी ठेवले की माणसाला गोष्ट दिसायला लागते, आणि गोष्ट दिसली की तो काहीतरी करायला उठतोच.

शूहार्ट यांनी १६ मे १९२४ रोजी आपले साहेब जॉर्ज एडवर्ड्स यांना एक टिपण पाठवलं. टिपण साधारण एका पानाचं. त्यातला तिसरा हिस्सा तर चित्रानंच भरला होता. आपल्याकडे मिनी प्रोजेक्टचा रिपोर्ट ऐंशी पानांच्या खाली चालत नाही, आणि इथे एका पानावर एक अख्खं शास्त्र उभं राहिलं! चित्रात काय होतं? आडव्या रेषेवर वेळ. उभ्या रेषेवर मोजलेली गोष्ट. दर वेळच्या मोजमापाचा एक ठिपका. वर एक रेघ, खाली एक रेघ. ठिपके या दोन रेघांच्या आत इकडेतिकडे नाचत असतील तर मशीनला हात लावू नका. एखादा ठिपका रेघेबाहेर गेला तर मात्र बसू नका, जा आणि कारण शोधा. यालाच आज कंट्रोल चार्ट म्हणतात.

चित्र साधं आहे, पण त्याच्या मागचा विचार मला खरंच मोठा वाटतो. शूहार्ट यांचं म्हणणं असं, की फरक दोन जातींचे असतात. एक जात नेहमीची. हजार बारीकसारीक गोष्टी एकाच वेळी थोड्या थोड्या हलतात, त्यांचा मिळून होणारा फरक. यातलं एकच एक कारण पकडून दाखवता येत नाही, आणि पकडून उपयोगही नाही. दुसरी जात म्हणजे ज्याला नाव-गाव असलेलं कारण आहे असा फरक. पट्टा सैल झाला, कच्चा माल बदलला, नवा माणूस आला. अशी कारणं शोधली तर सापडतात आणि काढूनही टाकता येतात. पहिल्या जातीच्या फरकाला दुसऱ्या जातीचा समजलात तर फुकट धावपळ. दुसऱ्या जातीच्या फरकाला पहिल्या जातीचा समजलात तर खरा बिघाड हातातून सुटला. चुका दोन्ही बाजूंना आहेत आणि दोन्हींची किंमत मोजावी लागते. एक चूक पूर्ण टाळायला गेलात की दुसरी वाढते. म्हणून रेघ अशा जागी मारायची, की दोन्ही चुकांचा मिळून खर्च कमीत कमी होईल.

ही जागा त्यांनी धरली ती सरासरीपासून वर आणि खाली तीन सिग्मा. सिग्मा म्हणजे प्रमाण विचलन, आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप. तीनच का? इथे आमच्या मॅथ्स-थ्रीच्या पुस्तकानं एक गैरसमज करून दिला आहे, की घंटेसारख्या वळणात तीन सिग्माच्या आत ९९.७३ टक्के आकडे बसतात, म्हणून तीन. शूहार्ट यांचा आधार मुळात तो नव्हता. आकड्यांचं वळण घंटेसारखं असेलच याची खात्री कारखान्यात कधीच नसते, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. वळण कसंही असलं तरी तीन सिग्माच्या आत निदान नऊपैकी आठ हिस्से येतातच, हे चेबिशेव्ह या रशियन गणितज्ञाचं सूत्र त्यांना माहीत होतं, आणि प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त येतात हे त्यांनी पाहिलं होतं. तीन हा आकडा त्यांनी घेतला तो तो खर्चाला परवडतो असं अनुभवातून दिसलं म्हणून.

आणि पाहिलं होतं म्हणजे अगदी हातानं करून पाहिलं होतं. त्यांनी आकडे लिहिलेल्या चकत्या एका वाडग्यात भरल्या. घंटेच्या वळणाच्या वाडग्यात ९९८ चकत्या होत्या. दुसऱ्या एका वाडग्यात सगळे आकडे सारख्या प्रमाणात, तिसऱ्यात एका बाजूला उतरत जाणारे. एक चकती काढायची, आकडा लिहायचा, चकती परत टाकायची, ढवळायचं, पुन्हा काढायची. असं चार हजार वेळा! चार-चारचे एक हजार गट करून त्यांच्या सरासऱ्या त्यांनी तपासल्या. आपण आज हे दोन ओळींच्या प्रोग्राममध्ये अर्ध्या सेकंदात करतो. पण वाडग्यातून आकडे येतात तेव्हा नेहमीची जात कशी दिसते, हे त्या माणसाला बोटांनी कळलं होतं. कारखान्याचे आकडे वाडग्यासारखे वागले तर कारखाना ताब्यात आहे. नाही वागले तर कुणीतरी वाडग्यात हात घातलाय.

आता हे सगळं आपल्या रात्रीच्या जॉबला लावून बघू. समजा, एका जॉबला दहा रात्री लागलेली मिनिटं अशी आहेत : २०, २२, १९, २१, १८, २३, २०, २१, १९, २२. सरासरी साडेवीस. आता लागून येणाऱ्या दोन रात्रींमधला फरक घ्या : २, ३, २, ३, ५, ३, १, २, ३. या फरकांची सरासरी साधारण २.६७. एक-एकच मोजमाप मिळतं तेव्हा वापरायचा जो चार्ट आहे, त्यात या सरासरीला २.६६ नं गुणतात, म्हणजे तीन सिग्मा मिळतात. इथे ते येतात ७.१. वरची रेघ साडेवीस अधिक ७.१, म्हणजे २७.६ मिनिटं. खालची रेघ १३.४. दहा रात्री तशा कमीच, वीस-पंचवीस असल्या तर बरं. तरी उत्तर मिळालं. सव्वीस मिनिटांना कुणाला उठवू नका. अठ्ठावीस झाली की उठवा.

बऱ्याच ठिकाणी वापरतात तो सोपा नियम म्हणजे सरासरीच्या दुप्पट वेळ लागला की अलार्म. त्या नियमानं हा जॉब एक्केचाळीस मिनिटांपर्यंत कुणालाच कळवणार नाही. तेरा मिनिटं फुकट गेली. याउलट एखादा जॉब मुळातच लहरी असतो, कधी आठ मिनिटं, कधी पंचेचाळीस. त्याची सरासरी वीस असली तर दुप्पटचा नियम दर दोन-चार दिवसांनी बोंब मारेल आणि आठवड्याभरात लोक तो अलार्म म्यूट करून ठेवतील. दोन जॉबची सरासरी सारखी असू शकते, पण प्रत्येकाचा नाच वेगळा. शूहार्ट यांची रेघ त्या त्या जॉबच्या नाचावरून निघते.

खालच्या रेघेचाही विसर पडू देऊ नये. वीस मिनिटांचा जॉब एके रात्री दोन मिनिटांत संपला तर लोक म्हणतील, वा, आज सर्व्हर खूश दिसतोय! बहुतेक वेळा तसं नसतं. वरून फाइलच आलेली नसते आणि जॉबनं शून्य ओळींवर इमानदारीत काम करून हिरवा टिक दिलेला असतो.

शूहार्ट ज्या विभागात होते तो १९२५ मध्ये नव्यानं निघालेल्या बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये गेला, आणि पुढे निवृत्तीपर्यंत, म्हणजे १९५६ पर्यंत, ते तिथेच राहिले. १९२६ मध्ये बेल लॅब्जची मंडळी ही पद्धत हॉथॉर्नच्या कारखान्यात घेऊन गेली. तिथे जोसेफ ज्युरान नावाचा एक विशीतला इंजिनिअर त्यांच्याबरोबर कामाला लागला, तो पुढे स्वतःच या क्षेत्रातलं मोठं नाव झाला. पण लगेच सगळ्या कारखान्यानं चार्ट उचलून धरला असं समजू नका. मशीनला हात लावू नका असं सांगणारा माणूस कुठल्याच सुपरवायझरला आवडत नाही. काही न करणं हे काम आहे, हे पगार देणाऱ्याला पटवणं फार अवघड.

त्यात शूहार्ट यांचं लिहिणं. १९३१ मध्ये त्यांचं मोठं पुस्तक आलं, कारखान्यातल्या मालाच्या गुणवत्तेवर आर्थिकदृष्ट्या परवडेल असा ताबा कसा ठेवायचा, या विषयावरचं. नावात आर्थिक हा शब्द आहे हे बघा. पुस्तक थोर आहे, पण वाचायला कठीण आहे. विल्यम एडवर्ड्स डेमिंग हे त्यांचे सर्वांत मोठे चाहते, पण त्यांचीही हीच तक्रार होती. कोणीही चुकीचा अर्थ काढू नये म्हणून शूहार्ट प्रत्येक वाक्याला इतक्या बाजूंनी कुंपण घालत, की शेवटी आत जायला वाटच उरत नसे. माणूस म्हणून मात्र ते अतिशय शांत, सौम्य. ज्यांनी त्यांना पाहिलं ते आवाज चढवल्याची आठवण सांगत नाहीत.

डेमिंग यांनी मग गुरूची वाट मोकळी करायचं काम केलं. शूहार्ट यांनी १९३८ मध्ये वॉशिंग्टनला अमेरिकेच्या शेती खात्याच्या ग्रॅज्युएट स्कूलमध्ये व्याख्यानं दिली. ती व्यवस्था डेमिंग यांची, आणि त्यावरून १९३९ मध्ये निघालेल्या दुसऱ्या पुस्तकाचं संपादनही त्यांचंच. त्याआधी १९३२ मध्ये शूहार्ट लंडनला बोलून आले होते. महायुद्धात अमेरिकेनं कंट्रोल चार्टचे राष्ट्रीय स्टँडर्ड काढले आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत हजारो लोकांना ही पद्धत शिकवली. १९४६ मध्ये अमेरिकन सोसायटी फॉर क्वालिटी कंट्रोल स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष झाले जॉर्ज एडवर्ड्स, तेच एका पानाचं टिपण घेणारे साहेब. डेमिंग १९५० मध्ये जपानला गेले, तिथे त्यांनी शूहार्ट यांचाच विचार सांगितला, आणि पुढचं सगळं आपल्याला मॅनेजमेंटच्या पेपरमध्ये येतं. जपानमध्ये पारितोषिक डेमिंग यांच्या नावाचं निघालं. मला विचाराल तर हे थोडं अन्यायाचं आहे. पण डेमिंग स्वतः शेवटपर्यंत श्रेय गुरूलाच देत होते.

शूहार्ट आपल्या देशातही येऊन गेले, हे मला हा लेख लिहायला घेईपर्यंत माहीत नव्हतं. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी त्यांना बोलावलं आणि १९४७-४८ च्या हिवाळ्यात ते काही महिने भारतात होते. विचार करा, स्वातंत्र्य मिळून चार-पाच महिने झालेले, फाळणीच्या जखमा ओल्या, आणि हा माणूस आपल्या कारखानदारांना सांगतोय की ठिपके मांडा, रेघ मारा. इन्स्टिट्यूटनं मग १९५० च्या दशकात कारखान्यांना मदत करणारी क्वालिटी कंट्रोलची केंद्रं काढली, त्यांतलं एक आपल्या मुंबईत.

पुन्हा जॉबकडे येऊ, कारण इथे शूहार्ट यांच्यापुढे नसलेले काही प्रश्न आहेत. पहिला प्रश्न संख्येचा. घंटेचं वळण धरलं तर तीन सिग्माच्या बाहेर काही कारण नसताना पडणारे ठिपके दहा हजारांत सत्तावीस. एका जॉबसाठी हे काहीच नाही, वर्षाला एक खोटा अलार्म. पण मोठ्या ऑफिसात रात्रीचे दोनशे जॉब असतात. दोनशे गुणिले ०.००२७ म्हणजे ०.५४. दर दोन रात्रींत एक खोटा अलार्म! माणूस कसा झोपणार? तिथे तीनाला चिकटून बसणं म्हणजे शूहार्ट न समजणं. ज्या जॉबवर सकाळचा व्यवहार अवलंबून आहे त्याला तीनची रेघ आणि रात्री फोन. बाकीच्यांना चारची रेघ, किंवा रेघ तीनचीच पण फोनऐवजी सकाळी वाचायची मेल. खर्च बघून रेघ, हे तर त्यांनीच सांगितलं होतं.

दुसरं, सारख्याची तुलना सारख्याशीच. महिनाअखेरचा जॉब रोजच्यापेक्षा लांबणारच. रविवारी इंडेक्स नव्यानं बांधत असतील तर रविवार वेगळा. हे सगळे ठिपके एकाच चार्टवर टाकले तर सिग्मा फुगतो आणि रेघ इतकी वर जाते की खरा बिघाडही तिच्याखालून आरामात निघून जातो. शूहार्ट यांना आकड्यांचे गट कसे पाडायचे यावर पानंच्या पानं लिहावीशी वाटली, ती याच कारणानं.

तिसरं अगदी व्यवहाराचं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये जॉबचा इतिहास एमएसडीबी या डेटाबेसमध्ये सिस-जॉब-हिस्टरी नावाच्या टेबलात राहतो. त्यात रन-ड्युरेशन असा कॉलम आहे, आणि तो बघून कुणालाही वाटेल की हे सेकंद आहेत. तसं नाही! तास, मिनिटं आणि सेकंद शेजारी शेजारी ठेवून तो आकडा केलेला असतो. एक तास पाच मिनिटं तीस सेकंद म्हणजे १०५३०. एकोणसाठ सेकंद म्हणजे ५९, पण एक मिनिट एक सेकंद म्हणजे १०१. या दोघांची सरसकट सरासरी काढलीत तर येते ८०, जी वेळच नाही. खरी सरासरी एक मिनिट. आधी सगळ्याचे सेकंद करून घ्यायचे, मगच पुढचं गणित. शिवाय जॉबच्या प्रत्येक पायरीची ओळ वेगळी असते आणि पूर्ण जॉबची ओळ म्हणजे स्टेप क्रमांक शून्य. आपल्याला तीच हवी. मूळ सेटिंग ठेवलं तर एका जॉबच्या शंभरच ओळी साठतात. पाच पायऱ्यांचा जॉब असेल तर दर रात्री सहा ओळी, म्हणजे सोळा-सतरा रात्रींचाच इतिहास. त्यावर रेघ मारणं जरा धाडसाचंच, ते सेटिंग वाढवून घ्यावं.

त्याहून मोठी मेख म्हणजे त्या टेबलात नोंद होते ती काम संपल्यावर. जो जॉब अडकला आहे तो संपलेलाच नाही, म्हणजे ज्याची काळजी करायची तोच इतिहासात दिसत नाही! चालू जॉब बघायला सिस-जॉब-ॲक्टिव्हिटी हे दुसरं टेबल आहे. त्यात सुरू झाल्याची वेळ भरलेली आणि संपल्याची वेळ रिकामी अशी ताज्या सत्रातली ओळ शोधायची आणि आत्तापर्यंत झालेला वेळ वरच्या रेघेशी ताडून बघायचा, दर पाच मिनिटांनी. ओरॅकलमध्ये शेड्यूलरलाच जॉबची कमाल वेळ सांगून ठेवता येते. ती ओलांडली की तो सूचना देतो. ती कमाल वेळ किती ठेवायची हे मात्र तो सांगत नाही.

आणि रेघ ओलांडल्यावर काय? शूहार्ट म्हणजे कारण शोधा, असं सांगणारा माणूस. घाईघाईनं जॉब मारून टाकणारा नव्हे. अर्ध्यावरचा मोठा व्यवहार मारला तर डेटाबेस तो मागे फिरवत बसतो, आणि मागे फिरायला कधी कधी पुढे जाण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आधी बघावं, कोणी लॉक धरून बसलंय का? बॅकअप त्याच वेळी लागला आहे का? क्वेरीचा प्लॅन कालच्यापेक्षा बदलला का? ही सगळी नाव-गाव असलेली कारणं आहेत.

एक प्रकार मात्र रेघेतून निसटतो. टेबल रोज थोडं थोडं वाढतं, जॉब रोज पाच-दहा सेकंदांनी लांबतो. कुठलाच ठिपका बाहेर जात नाही, आणि दर महिन्याला रेघ नव्यानं काढत असाल तर रेघही त्याच्याबरोबर वर सरकत राहते. यावर उपाय आला तो वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या १९५६ च्या हँडबुकात. त्यातला एक नियम असा, की लागोपाठ आठ ठिपके सरासरीच्या एकाच बाजूला पडले तर सगळे रेघेच्या आत असूनही काहीतरी बदललं आहे असं समजा. ठिपके वेळेच्या क्रमानं मांडायचा शूहार्ट यांचा हट्ट इथे कळतो. तेच आठ आकडे क्रम मोडून सरासरीत घातले तर काहीच दिसत नाही.

हे हँडबुक निघालं त्याच वर्षी शूहार्ट निवृत्त झाले. गणिती स्टॅटिस्टिक्सवरच्या एका मोठ्या पुस्तकमालेचं संपादन त्यांनी वीस वर्षांहून जास्त काळ केलं. ११ मार्च १९६७ रोजी न्यू जर्सीमध्ये त्यांचं निधन झालं. शहात्तरावा वाढदिवस आठवड्यावर आला होता. हॉथॉर्नचा कारखाना १९८३ मध्ये बंद पडला.

त्यांच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, १९६९ मध्ये, त्याच बेल लॅब्जमध्ये युनिक्सचं काम सुरू झालं, आणि १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये क्रॉन होता, म्हणजे आपण लॅबमध्ये लिनक्सवर वापरतो त्या जॉब लावणाऱ्या प्रोग्रामचा पूर्वज. ज्या संस्थेत शूहार्ट यांनी एकतीस वर्षं काढली तिथलाच हा मुलगा, पण त्यांचं काहीच न शिकलेला. तो ठरल्या वेळी काम सुरू करतो आणि विसरतो. आधीचं काम संपलंय की नाही हेही बघत नाही, त्याच्यावरच दुसरं चढवतो. एसक्यूएल सर्व्हरचा एजंट निदान पहिलं चालू असेल तर दुसरं सुरू करत नाही, गुपचूप एक फेरी चुकवतो. क्रॉननं सुरू केलेल्या कामाला किती वेळ लागला हे हवं असेल तर स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत आणि शेवटच्या ओळीत डेट ही कमांड टाकून तिचं उत्तर एका फाइलमध्ये जोडत जायचं. पंचवीस रात्रींत चार्टपुरते ठिपके जमतात.